स्तनरोपण काढण्याची शस्त्रक्रिया : गरज, धोके आणि पूर्वतयारी

स्तनात बसविलेले सिलिकॉनचे रोपण जन्मभर टिकते, अशी समजूत ते बसवून घेतलेल्या पुष्कळ स्त्रियांची असते. ही समजूत बरोबर नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, स्तनाचा आकार वाढविण्यासाठी रोपण बसविलेल्या दर पाच स्त्रियांपैकी एकीला ते दहा वर्षांच्या आत काढावे लागते. कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतर त्याच्या पुनर्रचनेसाठी रोपण बसविले असेल, तर हे प्रमाण दर दोन स्त्रियांमागे एक असे आहे. सबब, रोपण बसवितानाच पुढील दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता गृहीत धरावयास हवी.

आदिलाबादसारख्या जिल्ह्यात हा विषय महानगरांतील श्रीमंतांचा वाटण्याचा संभव आहे. तथापि तसे मानणे योग्य होणार नाही. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. त्यावरील उपचारांसाठी हैदराबाद, नागपूर किंवा मुंबई येथे जाणाऱ्या रुग्णांपैकी काहींची स्तनाची पुनर्रचना रोपणाच्या साहाय्याने केली जाते. शिक्षण वा नोकरीनिमित्त शहरात असताना केवळ इच्छेने रोपण बसवून घेतलेल्या तरुणी असतात, तसेच लिंगओळखीशी निगडित उपचारांचा भाग म्हणून ते बसवून घेतलेल्या तृतीयपंथी व्यक्तीही असतात. रोपण कोठेही बसविलेले असो, त्याची तक्रार उद्भवते ती मनुष्य जेथे राहतो तेथे. बेला, जैनद वा उटनूरच्या परिसरातील रुग्णाने अशा वेळी काय करावे, कोणत्या गोष्टीची भीती बाळगावी व कोणत्या गोष्टीची बाळगू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोपण म्हणजे काय?

रुग्णालयात ज्याला ‘इम्प्लांट’ म्हणतात, त्यालाच या लेखात रोपण म्हटले आहे. ही सिलिकॉनची पिशवी असून तिच्यात सिलिकॉनचाच घट्टसर लगदा अथवा निर्जंतुक मिठाचे पाणी भरलेले असते. ती स्तनाच्या ऊतींखाली किंवा छातीच्या स्नायूखाली बसवितात. सिलिकॉनच्या लगद्याने भरलेले असे रोपण १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यचिकित्सकांनी प्रथम एका स्त्रीच्या शरीरात बसविले. काही रोपणांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तर काहींचा खडबडीत. हा फरक वरवर क्षुल्लक दिसला, तरी त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

शरीरात कोणतीही परकी वस्तू आली की शरीर तिच्याभोवती तंतुमय पेशीजालाचे एक आवरण तयार करते. रोपणाभोवतीही असे आवरण तयार होते. ते होणे हा रोग नव्हे. शस्त्रक्रियेची चर्चा करताना रोपण व हे आवरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण शल्यचिकित्सक केवळ रोपण काढणार की आवरणही काढणार, यावर शस्त्रक्रियेचा विस्तार व तिचे धोके अवलंबून असतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. काही ठिकाणी अनधिकृत व्यक्ती स्तनात पातळ सिलिकॉन किंवा तेलासारखे पदार्थ सुईने टोचतात. हे रोपण नव्हे. असा पदार्थ ऊतींमध्ये पसरतो, त्याच्या गाठी होतात आणि पिशवीप्रमाणे तो सबंध बाहेर काढता येत नाही. असे इंजेक्शन घेतले असेल, तर ते न लपविता डॉक्टरांना सांगावे.

काढण्याची गरज केव्हा भासते?

रोपण काढण्याचे एक सामान्य कारण म्हणजे भोवतालचे आवरण आकुंचन पावणे. आवरण आवळू लागले की स्तन कठीण होतो, त्याचा आकार बिघडतो व पुढच्या अवस्थेत वेदना होऊ लागतात. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या दोन पायऱ्यांत सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. तिसऱ्या व चौथ्या पायरीत तिचा विचार करावा लागतो.

दुसरे कारण रोपण फाटणे. मिठाच्या पाण्याचे रोपण फुटल्यास ते पाणी शरीरात शोषले जाते आणि स्तन थोड्याच काळात बसलेला दिसतो. सिलिकॉनच्या लगद्याचे रोपण फाटले, तर मात्र बाहेरून पुष्कळदा काहीच कळत नाही. म्हणून अशा रोपणाची तपासणी पाच ते सहा वर्षांनी सोनोग्राफी अथवा एम.आर.आय.द्वारे करावी व त्यानंतर दर दोन ते तीन वर्षांनी ती पुन्हा करावी, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. रोपण फाटल्याचे निष्पन्न झाल्यास ते काढण्याचा सल्ला दिला जातो.

तिसरे कारण जंतुसंसर्ग. औषधांनी तो आटोक्यात आला नाही, तर रोपण काढावे लागते. कारण परक्या वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार दिलेले असल्यास आवरण आकुंचन पावणे व जखम न भरणे या दोन्ही गोष्टींचा संभव वाढतो.

चौथे कारण विरळ, परंतु गंभीर आहे. रोपणाभोवतीच्या आवरणात लिम्फोमा या प्रकारचा कर्करोग क्वचित उद्भवतो. हा स्तनाचा नेहमीचा कर्करोग नव्हे. रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींपासून तो निर्माण होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्यास स्वतंत्र रोग म्हणून मान्यता दिली. तो प्रामुख्याने खडबडीत पृष्ठभागाच्या रोपणांच्या संबंधात आढळला असून, बहुधा रोपण बसविल्यानंतर सात ते दहा वर्षांनी दिसून येतो. पूर्वी काहीही त्रास नसताना एका बाजूचा स्तन अचानक सुजणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय. अशा वेळी सूज आलेल्या जागेतील द्रव सुईने काढून तपासणीस पाठवितात. रोग वेळीच लक्षात आला, तर रोपण व संपूर्ण आवरण काढल्याने बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

याशिवाय थकवा, सांधेदुखी, विस्मरण, केस गळणे अशा तक्रारींचा संबंध काही स्त्रिया रोपणाशी जोडतात. या तक्रारी खऱ्या असतात, त्या थट्टेवारी नेऊ नयेत. तथापि रोपणामुळेच त्या झाल्या हे सिद्ध करणारी कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. रोपण काढल्यावर काहींना आराम पडतो, काहींना पडत नाही. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, संधिवात यांचीही लक्षणे अशीच असतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची तपासणी करून घेणे हिताचे होय. आणि शेवटी, कोणताही आजार नसताना केवळ आता रोपण नको असे वाटणे, हेही ते काढण्याचे रास्त कारण आहे.

परदेशातील दोन घटना

रोपण काढावयाचे की नाही हे केवळ भीतीवरून ठरविता येत नाही, हे दोन घटनांवरून दिसून येईल. फ्रान्समधील ‘पॉली इम्प्लांट प्रोथेस’ या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी औद्योगिक वापराचे स्वस्त सिलिकॉन भरल्याचे उघडकीस आले आणि २०१० साली तिच्या मालाची विक्री बंद करण्यात आली. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच शासनाने सुमारे ३०,००० स्त्रियांना खबरदारी म्हणून ती रोपणे काढून घेण्याचा सल्ला दिला. कंपनीच्या संस्थापकास २०१३ साली चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीला २०१२ मध्ये असे आढळले की, ही रोपणे इतरांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात फाटतात. परंतु त्यांमुळे दीर्घकालीन आजार होतो असा पुरावा मिळाला नाही.

दुसरी घटना २०१९ सालची. लिम्फोमाशी असलेल्या संबंधामुळे ‘ॲलर्गन’ या कंपनीने ‘बायोसेल’ या नावाची आपली खडबडीत रोपणे जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागविली. परत मागविली याचा अर्थ विक्री थांबली व न वापरलेला माल परत गेला. ज्यांच्या शरीरात ती अगोदरच बसविलेली होती व ज्यांना कोणताही त्रास नव्हता, त्यांना ती काढून घेण्याचा सल्ला अमेरिकेच्या प्रशासनाने दिला नाही. रोगाचा संभव अत्यल्प आणि शस्त्रक्रियेचा धोका मात्र निश्चित, असा तो हिशेब होता. अशा स्त्रियांनी सूज, गाठ वा वेदना यांवर लक्ष ठेवावे, एवढेच सांगण्यात आले.

एका घटनेत एका देशाने रोपण काढण्यास सांगितले, दुसऱ्या घटनेत काढू नये असे सांगण्यात आले. आपल्याला यांतील कोणता सल्ला लागू पडतो, हे समजण्यासाठी आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचे, कोणत्या प्रकारचे व केव्हा बसविलेले रोपण आहे, हे प्रथम माहीत असावे लागते. येथेच आपल्याकडील रुग्णांची मोठी अडचण होते.

कागदपत्रे जपून ठेवा

प्रत्येक रोपणासोबत उत्पादकाची चिठ्ठी असते. तिच्यावर कंपनीचे नाव, आकारमान, पृष्ठभागाचा प्रकार व अनुक्रमांक छापलेला असतो. ती चिठ्ठी किंवा तिच्या आधारे भरलेले रोपणपत्र रुग्णास मिळावयास हवे.

या कागदाचे मोल किती, हे आपल्याच देशात दिसून आले आहे. जॉन्सन अँड जॉन्सन उद्योगसमूहातील एका कंपनीचे खुब्याच्या सांध्याचे कृत्रिम रोपण ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आले. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र शासनाच्या तज्ज्ञ समितीने पुढे चौकशी केली, तेव्हा कंपनीच्या मदतकेंद्राद्वारे त्यांपैकी केवळ हजारभर रुग्णांचाच माग लागला होता. नुकसानभरपाईचे सूत्र ठरले, तरी उरलेल्यांपर्यंत ही वार्ता पोहोचविणे कठीण होऊन बसले. स्तनाच्या रोपणाबाबतही याहून वेगळे घडेल, असे मानण्यास आधार नाही.

वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेविषयीच्या २००२ च्या विनियमांनुसार, डॉक्टरांनी आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावयाची असतात आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत त्यांच्या प्रती द्यावयाच्या असतात. रोपणाची तक्रार मात्र पुष्कळदा आठ-दहा वर्षांनी उद्भवते. त्या वेळी रुग्णालयाकडे कागद नसला, तर नियमाचा भंग झाला असे म्हणता येणार नाही. म्हणून रोपणपत्र, शस्त्रक्रियेची टिपणी व रुग्णालयातून घरी जातानाचा सारांश-कागद या तिन्हींच्या प्रती आजच मागून घ्याव्यात आणि घराची कागदपत्रे ठेवतो त्या ठिकाणी त्या ठेवाव्यात.

उपकरणामुळे झालेल्या अपायाची नोंद करण्यासाठी आपल्या देशात ६ जुलै २०१५ पासून वैद्यकीय उपकरण-दक्षता कार्यक्रम सुरू असून, गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे अशी नोंद पाठविता येते. रोपण फाटले वा अन्य अपाय झाला, तर डॉक्टरांना ही नोंद पाठविण्याची विनंती करावी.

शस्त्रक्रिया कशी करतात?

ही शस्त्रक्रिया बहुधा संपूर्ण भूल देऊन करतात. शक्यतो जुन्याच व्रणावर छेद घेतला जातो. केवळ रोपण काढावयाचे असल्यास शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. आवरण कठीण झालेले असेल, रोपण फाटून लगदा बाहेर आला असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर आवरण अंशतः वा पूर्णतः काढावे लागते. आवरण छातीच्या स्नायूंना व फासळ्यांना चिकटलेले असते, त्यामुळे ते सोडविण्याचे काम अधिक नाजूक असते व त्यास वेळही अधिक लागतो.

रोपण व आवरण न फोडता एकत्रच, एका गोळ्यासारखे काढावे असा आग्रह अलीकडे काही रुग्ण धरतात. लिम्फोमा वा गाठीची शंका असेल, तेव्हा ही पद्धत आवश्यक असते. इतर तक्रारींसाठी आवरण संपूर्ण काढल्याने अधिक गुण येतो, असे सिद्ध झालेले नाही. मात्र रक्तस्राव व अन्य इजा यांचा धोका त्यामुळे वाढतो. हा निर्णय तज्ज्ञाने रुग्ण तपासून घ्यावयाचा असतो.

शस्त्रक्रियेच्या जागेत रक्त व द्रव साचू नये म्हणून काही वेळा एक बारीक नळी ठेवतात व काही दिवसांनी ती काढतात. काढलेले आवरण व द्रव विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठविले जाणार आहे काय, हे आधी विचारून घ्यावे.

रोपण काढल्यावर स्तन पूर्वीसारखा होईलच, अशी अपेक्षा ठेवू नये. ताणलेली त्वचा सैल पडते, स्तन चपटा दिसतो, दोन्ही बाजूंत फरक राहू शकतो. त्याच वेळी स्तन उचलून घेण्याची शस्त्रक्रिया, नवे रोपण किंवा स्वतःच्या शरीरातील चरबी अथवा ऊती वापरून पुनर्रचना, हे पर्याय असतात. प्रत्येक पर्यायाने शस्त्रक्रियेचा काळ, खर्च व धोका वाढतो. कर्करोगामुळे मूळचा स्तन काढलेला असेल, तर रोपण काढल्यावर छाती सपाट राहते, याची स्पष्ट कल्पना रुग्णास आधी दिली गेली पाहिजे. अशा स्त्रियांसाठी कपड्यांच्या आत घालावयाचे कृत्रिम स्तन मिळतात.

धोके कोणते?

पहिला धोका रक्तस्रावाचा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत आत रक्त साचून एक बाजू वेगाने फुगू लागली, तर ते रक्त काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. जंतुसंसर्ग काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी दिसतो. आत पाण्यासारखा द्रव साचणे हे त्या मानाने सामान्य असून तो सुईने काढता येतो.

स्तनाग्राची व त्वचेची संवेदना कमी होणे, व्रण जाड होणे, त्वचेच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो काळा पडणे, हे धोके मुख्यतः स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया सोबत केल्यास वाढतात. फासळ्यांवरील आवरण सोडविताना फुप्फुसाच्या वेष्टनास इजा होऊन तेथे हवा शिरणे ही गुंतागुंत विरळ असली, तरी गंभीर असते. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हा कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेतील धोका येथेही असतो. तसेच भुलीचे स्वतःचे धोके असतात.

ही यादी वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. अनुभवी शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांच्या हाती, सुसज्ज रुग्णालयात, योग्य तयारीने केलेली ही शस्त्रक्रिया बहुसंख्य रुग्णांत सुखरूप पार पडते. धोका पुष्कळ अंशी कमी करता येतो आणि तो कमी करण्याची बरीचशी कामे रुग्ण शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वीच करावयाची असतात.

आदिलाबादच्या रुग्णांनी घ्यावयाची विशेष दक्षता

या जिल्ह्यातील व शेजारच्या विदर्भातील आदिवासी व अन्य समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. सिकलसेलचा आजार असलेल्या रुग्णास भूल देताना शरीरातील पाणी कमी पडणे, थंडी वाजणे किंवा प्राणवायू कमी होणे यांमुळे रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. भूलतज्ज्ञास हे आधी कळले, तर तो योग्य ती व्यवस्था करतो. म्हणून ही चाचणी झालेली नसेल तर ती करून घ्यावी आणि कुटुंबात कोणास हा विकार असल्यास तसे सांगावे. रक्तक्षय असल्यास तोही आधी भरून काढावा.

तंबाखू, खर्रा, गुटखा, विडी यांतील निकोटिनमुळे त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो व जखम भरण्यास विलंब लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे व नंतर जखम भरेपर्यंत ही व्यसने कटाक्षाने वर्ज्य करावीत. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, तसेच वैदूंकडून वा दुकानातून घेतलेली औषधे यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात आणावी.

आता अंतराचा प्रश्न. आदिलाबाद येथे २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे, म्हणजेच ‘रिम्स’चे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. प्राथमिक तपासणी, रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी व पुढे कोठे जावे याविषयीचा सल्ला यांसाठी प्रथम तेथे जावे. प्लॅस्टिक सर्जन किंवा कर्करोग-शल्यचिकित्सक यांच्याकडील शस्त्रक्रियेसाठी मात्र रुग्णास नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागण्याचा संभव असतो. नागपूर सुमारे २०० किलोमीटर, तर हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. रक्तस्रावाचा धोका पहिल्या दोन दिवसांत असताना रात्रीच्या बसने गावी परतणे सर्वथा अयोग्य होय. नळी निघेपर्यंत, निदान पहिले काही दिवस, रुग्णालयाच्या जवळ राहण्याची सोय आधीच करावी. परतीच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने थोडे चालावे, म्हणजे पायात रक्त साकळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर साधारणतः चार ते सहा आठवडे जड उचलण्याची कामे टाळावी लागतात. डोक्यावर पाण्याची घागर, सरपणाची मोळी व कापसाची वेचणी ही कामे या काळात करता येणार नाहीत. तातडीची निकड नसेल, तर वेचणीचा हंगाम संपल्यावर शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी आणि घरातील माणसांनी ही कामे आपसांत वाटून घ्यावीत. हंगामाच्या ओढीने लवकर कामास लागलेल्या स्त्रीची जखम उघडण्याची भीती असते.

घरी आल्यावर एका बाजूचा स्तन अचानक फुगणे, १००.४ अंशांहून अधिक ताप, जखमेतून पू येणे वा त्वचा लाल व गरम होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. धाप लागणे, छातीत दुखणे किंवा एका पायाच्या पोटरीस सूज येणे ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रियेचा सारांश-कागद सोबत घ्यावा, म्हणजे स्थानिक डॉक्टरांना काय केले आहे ते लगेच समजते.

संमतिपत्र आणि भाषा

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या प्रकरणात २००८ साली असा निर्णय दिला की, एका प्रक्रियेस दिलेली संमती ही दुसऱ्या प्रक्रियेस दिलेली संमती ठरत नाही; जीव वाचविण्यासाठी तातडीने करावे लागते तेवढाच त्यास अपवाद. म्हणून संमतिपत्रात केवळ ‘रोपण काढणे’ असे आहे, की आवरण काढणे, स्तन उचलणे किंवा नवे रोपण बसविणे हेही आहे, ते वाचून घ्यावे.

सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. घरात मराठी वा गोंडी बोलणाऱ्या स्त्रीपुढे इंग्रजी किंवा तेलुगू संमतिपत्र ठेवले जाते आणि सोबतचा नातेवाईक ‘सही कर’ म्हणतो. ही खरी संमती नव्हे. आपल्याला समजणाऱ्या भाषेत सर्व सांगावे, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये. रुग्णाने किमान पुढील प्रश्न विचारावेत : शस्त्रक्रियेची गरज काय? आता न केल्यास काय होईल? आवरणाचे काय करणार? स्तन नंतर कसा दिसेल? माझ्या प्रकृतीत विशेष धोका कोणता? रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणाशी संपर्क साधावा?

खर्च आणि शासकीय योजना

तेलंगणातील पात्र कुटुंबांसाठी आरोग्यश्री योजना असून तिच्या लाभाची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून दहा लाख रुपये करण्यात आली. महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातून वेगळे झाले, पण सोयरिकी मात्र दोन्ही बाजूंस कायम राहिल्या. लग्न होऊन पैनगंगेच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर आलेल्या स्त्रीचे नाव कोणत्या राज्याच्या शिधापत्रिकेवर आहे, हे आधी पाहावे. कारण लाभ त्यावर ठरतो. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना विमा व शासकीय योजना सहसा लागू होत नाहीत. कर्करोग, संसर्ग अथवा अन्य वैद्यकीय कारण असल्यास ते डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी रुग्णालयातील योजनेच्या मदतकक्षात मंजुरीविषयी विचारणा करावी.

काढल्यानंतरही तपासणी आवश्यक

रोपण काढले म्हणजे स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगाचा संभव नाहीसा होत नाही. दर महिन्यास स्वतः स्तनांची पाहणी करणे व डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅमोग्राफी करून घेणे पुढेही चालू ठेवावे. ज्यांचे रोपण अद्याप शरीरात आहे, त्यांनी मॅमोग्राफीच्या वेळी तंत्रज्ञास तसे आधी सांगावे. छायाचित्र घेण्याची पद्धत त्यानुसार बदलावी लागते.

स्तनाविषयी बोलण्याचा संकोच आपल्या समाजात मोठा आहे. रोपण हौसेने बसविले असेल, तर लाज अधिकच वाटते आणि मग सूज वा वेदना महिनोन्महिने लपविली जाते. घरच्या वडीलधाऱ्यांनी, आशा कार्यकर्त्यांनी व परिचारिकांनी अशा रुग्णास दोष न देता तपासणीस नेणे, हे त्यांचे कर्तव्य होय. ज्यांना त्रास नाही त्यांनी घाईने शस्त्रक्रियेस जाऊ नये, ज्यांना त्रास आहे त्यांनी तो अंगावर काढू नये, आणि दोघींनीही आपल्या रोपणाचा कागद आजच शोधून जवळ ठेवावा.